काचेवर चालणारी माणसं

गेल्या जुलैत आमच्या कंपनीने आम्हा चाळीस जणांना कर्जतजवळच्या एका रिसॉर्टवर नेलं. विषय होता 'भीतीवर मात आणि नेतृत्व'. जेवणानंतर फुटक्या बाटल्यांच्या काचांचा जाड थर अंथरला गेला, माइकवाल्या गृहस्थांनी आमच्याकडून आरोळ्या ठोकून घेतल्या आणि आम्ही एकेक करून अनवाणी त्यावरून चाललो. मीही चाललो. कुणाला साधं खरचटलंही नाही. प्रमाणपत्र मिळालं, इन्स्टावर टाकलेल्या फोटोला तीनशे लाइक आले.

त्या न खरचटण्यात धैर्याचा वाटा किती? जवळपास शून्य. थर जाड असला की काचा पायाखाली सरकतात, अंगाचं वजन अनेक तुकड्यांवर वाटलं जातं आणि कुठल्याच एका टोकावर कातडी फाटेल इतका दाब येत नाही. निखाऱ्यावरून चालण्याचंही असंच. कोळशातून उष्णता सावकाश वाहते आणि पाऊल टेकतं क्षणभरच. हे पदार्थविज्ञान आहे. आम्हाला ते आत्मबळ म्हणून विकलं गेलं.

तीन आठवड्यांनी एक मीटिंग झाली. क्लायंटकडे चुकीचे आकडे गेले होते आणि साहेबांनी ती चूक टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीच्या नावावर टाकली. आकडे बदलायला कुणी सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. साहेबांची ती मेल मलाही आली होती. खोलीत काचेवरून चालून आलेले आम्ही अकरा जण होतो. अकराही जण लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसलो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली उघडली. दोन महिन्यांनी ती नोकरी सोडून गेली.

म्हणून 'कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा' असं सांगणारं रील दिसलं की आता माझं डोकं फिरतं. पहाटे पाचला उठा, गार पाण्याने आंघोळ करा, अनोळखी माणसाशी बोला. (गार पाण्याची ही साधना गीझरवाल्यांचीच. ज्याच्या घरी गीझर नाही तो तिला आंघोळ म्हणतो.) या सगळ्या अस्वस्थता मोजूनमापून घेतलेल्या असतात. त्या ठरल्या वेळी संपतात आणि मुख्य म्हणजे त्यांनी कुणीही नाराज होत नाही. कंपनीला अशीच धाडसी माणसं हवी असतात. काचेवरून चालतील, शनिवारी कामाला येतील, पण 'ही मेल तुमचीच होती ना?' असं विचारणार नाहीत.

नाराजी काय असते ते बघायचं असेल तर र. धों. कर्वे वाचा. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवायचा. 1921 साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. पुढे या कामापायी प्राध्यापकी सुटली. 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि 1953 मध्ये मरेपर्यंत चालवलं. सव्वीस वर्षं. पैसा नाही, वर्गणीदार बेताचे, अश्लीलतेचे खटले आणि सभ्य घरांतून कुचेष्टा. यात आरोळ्या ठोकण्यासारखा एकही प्रसंग नाही. पुढच्या महिन्याचा अंक काढायचा, एवढंच.

त्यांच्यावरचा 1934 चा खटला मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले, कर्व्यांनी सरळ उत्तरं छापली, एवढाच गुन्हा. वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. महाडचा सत्याग्रह होऊन गेला होता, शत्रू आधीच भरपूर होते. या खटल्यातून त्यांना राजकीय फायदा होण्यासारखा नव्हता, झाला तर बदनामीच वाढली असती. तरी ते उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, मासिक चालू राहिलं. दुसऱ्याच्या वाट्याची नाराजी स्वतःच्या अंगावर घेण्याला मी नेतृत्व म्हणतो. आमच्या रिसॉर्टवर त्याचं सत्र नव्हतं.

कुणी म्हणेल, छोट्या धाडसातूनच मोठ्याची सवय होते. मग आम्हा अकरा जणांना ती का झाली नाही? काचेची सवय काचेलाच उपयोगी पडते. मीटिंगमध्ये तोंड उघडायची सवय मीटिंगमध्येच लागते, तीही पहिल्यांदा चाचरत, घसा कोरडा पडत. 'आधी भीती घालवा, मग बोला' हा क्रमच मुळात सोयीचा आहे. भीती काही जात नाही आणि बोलायची वेळही येत नाही. कर्व्यांना मूलबाळ नव्हतं, मला घराचे हप्ते आहेत, आईची औषधं आहेत, असं मीही स्वतःला समजावतो. ते खोटं नाही. पण त्या दिवशी मला नोकरी पणाला लावायची नव्हती, एक वाक्य बोलायचं होतं.

गेल्या आठवड्यात यंदाच्या सहलीची मेल आली. या वेळी निखारे आहेत. मी येणार नाही असं उत्तर पाठवलं, कारण लिहिलं, ती जुनी मेल सोबत जोडली आणि सीसीत पूर्ण टीम ठेवली. त्या मुलीलाही मेसेज केला. तिने तो वाचलाय, उत्तर दिलेलं नाही, आणि द्यावंच असंही नाही. साहेबांचं उत्तर एका ओळीचं होतं : सोमवारी अकराला भेटू.

आज रविवार. सकाळपासून पोटात गोळा आलाय.