घराला सूट, दुकानाला बिल? मिळकतकराचं हे गणित धंदा सुरू करायच्या आधी समजून घ्या

मागच्या व्हिडिओत आपण गाळा भाड्याने घेताना काय काय तपासायचं ते बघितलं. त्यात एक विषय मी दोन वाक्यांत उरकला होता, तो म्हणजे मिळकतकर. आज त्यावर जरा सविस्तर लिहितो. आणि हो, हे माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

आधी माझीच फजिती सांगतो. पॅकिंग मटेरियलच्या दुकानासाठी पहिला गाळा घेतला तेव्हा भाडं घासाघीस करून कमी करून घेतलं आणि खूश झालो. करारात एक ओळ होती: 'सर्व सरकारी कर भाडेकरूने भरावयाचे.' वाचली, सही केली. तिसऱ्या वर्षी मालक ३१ हजारांचं बिल घेऊन दारात उभे! त्यांनी मागे पोटमाळा वाढवला होता, त्यामुळे नव्याने आकारणी झाली होती. पोटमाळा त्यांचा, टॅक्स माझा. बीबीएला आम्हाला फिक्स्ड कॉस्ट शिकवली होती: भाडं, पगार, लाइट बिल. मिळकतकराचं नाव कुणी काढलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. ज्या घरात माणूस स्वतः राहतो, त्या घराचा कर भरमसाट वाढू नये ही मागणी मला शंभर टक्के पटते. कारण साधं आहे. आजूबाजूला टॉवर उभे राहिले म्हणून तुमच्या आईच्या जुन्या फ्लॅटची किंमत कागदावर दुप्पट होते, पण तिची पेन्शन दुप्पट होत नाही. घर विकल्याशिवाय तो पैसा हातात येतच नाही, मग त्यावर वाढीव टॅक्स भरायचा कुठून?

पुण्याचं उदाहरण घ्या. घरमालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत, ही पद्धत १९७० पासून चालू होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, २०१८ मध्ये सरकारने सवलत थांबवली आणि पुढे लोकांना फरकाची बिलं आली. कुणी घरात फरशी बदलली नव्हती की खोली वाढवली नव्हती. तरी बिल! २०२३ मध्ये राज्य सरकारने सवलत परत दिली, पण ज्यांची गेली होती त्यांना पीटी-३ अर्ज भरून, आपण स्वतः इथे राहतो याचे पुरावे जोडावे लागले. इथे मला खटकतं ते असं की सवलत काढताना अर्ज लागला नाही आणि परत घेताना लागला. मुंबईत वेगळा मार्ग आहे. तिथे १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मिळकतकरच माफ आहे.

इथपर्यंत सगळे टाळ्या वाजवतील. पण तुम्ही दुकान टाकणार आहात ना? मग पुढचं वाचा.

अमेरिकेत टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे शाळांपासून गावच्या कारभारापर्यंत बराच भार मिळकतकरावर असतो. ह्यूस्टन, डॅलसला आपली मराठी मंडळी बरीच आहेत, कुणी ओळखीचं असेल तर विचारून बघा. तिथे राहत्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. म्हणजे समजा घर ३ लाख डॉलरचं होतं आणि बाजारभाव एका वर्षात पावणेचार लाखांवर गेला, तरी कर ३ लाख ३० हजारांवरच. शेजारी तेवढ्याच किमतीचं दुकान असेल तर? कित्येक वर्षं त्याला अशी मर्यादाच नव्हती, पूर्ण पावणेचार लाखांवर हिशेब. २०२३ च्या सुधारणेत साधारण ५० लाख डॉलरपर्यंतच्या इतर मिळकतींना २० टक्क्यांची मर्यादा मिळाली, तीही फक्त २०२४ ते २०२६ साठी.

शाळेचा, रस्त्याचा खर्च तर तेवढाच राहतो. एकाचा वाटा रोखला की तो दुसऱ्याकडे सरकतो, किंवा कामं कमी होतात. आणि दुकानदार त्या वाटपाच्या बैठकीत क्वचितच असतो, कारण मतदार म्हणून तो घरवाला असतो.

मग घर आणि दुकान दोघांनाही सारखी मर्यादा द्यायची का? कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये तेच केलं. दर साधारण १ टक्का आणि मूल्यातली वाढ वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के, मिळकत विकली जाईपर्यंत. त्यात मोठ्या कंपन्यांच्या जागाही आल्या. मोठ्या व्यावसायिक मिळकतींना यातून बाहेर काढायचा प्रस्ताव २०२० मध्ये मतदानाला आला आणि थोडक्यात पडला. तिथे जुन्या मालकाला फायदा, नव्याने जागा घेणाऱ्याला आजच्या भावाचा टॅक्स. एकाच गल्लीत, सारख्याच दोन दुकानांना वेगळं बिल. नवा माणूस म्हणजे कोण? तुम्हीच की!

म्हणून माझं म्हणणं असं: राहत्या घराला मर्यादा हवीच, पण ती एका सरकारी पत्राने जाईल अशी नको, कायद्यातच पक्की हवी. आणि छोट्या दुकानाला, म्हणजे एक-दोन गाळ्यांच्या धंद्याला, निदान वार्षिक वाढीची मर्यादा द्या. घराइतकी नको, थोडी सैल चालेल. अचानक उडी नको एवढंच. मॉलला आणि चहाच्या टपरीवजा गाळ्याला एकाच तराजूत तोलू नका.

घरूनच डबे, क्लास किंवा शिवणकाम सुरू करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. घराचा काही भाग धंद्याला वापरला की तेवढ्याला बिगरनिवासी दर लागू शकतो आणि स्वतः राहत असल्याच्या सवलतीवरही प्रश्न येऊ शकतो. आपल्या महापालिकेत नियम काय आहे ते आधी विचारा, बोर्ड नंतर लावा.

गाळा घेणार असाल तर मालकाकडून मागच्या तीन वर्षांच्या कराच्या पावत्या मागा. करारात लिहून घ्या की आजच्या रकमेपर्यंतचा कर भाडेकरू भरेल आणि मालकाच्या बांधकामामुळे झालेली वाढ मालक भरेल. मी दुसऱ्या गाळ्याच्या वेळी हेच केलं. मालक थोडे कुरकुरले, चहा झाला, सही झाली.