माडावरील सुतार : दोषी की निर्दोष?

आमच्या तोंडवली गावी पडवीत बसल्या बसल्या जे पक्षी नित्य दृष्टीस पडतात, त्यांत सोनेरी पाठीच्या सुतार पक्ष्याइतका विनाकारण बदनाम झालेला दुसरा नसावा. माड रोगट दिसला, खोडात भोक आढळले, की ठपका त्याच्यावर. आणि लगेच पोरांच्या हाती गलोल. महसुली दप्तरात हयात गेलेल्या माणसास पंचनाम्यावाचून दिलेला हा निकाल कसा मान्य व्हावा?

पंचनामा तर कोणाही बागायतदारास सकाळी घरबसल्या करता येईल. सुतार बुंध्यावर ठोके देत वर चढतो. पायांची दोन बोटे पुढे, दोन मागे; ताठ शेपटीचा टेकू; आणि भोकात खोल जाणारी लांब, चिकट जीभ. मुंग्या व सालीखालील अळ्या हे त्याचे मुख्य भक्ष्य. घरट्यासाठी तो बहुधा सुकलेले वा आतून कुजलेले लाकूडच कोरतो. सोंड्या भुंग्याचे भोक निराळे. त्यातून तांबूस चीक वाहतो, चावलेला भुसा बाहेर पडतो, आणि बुंध्यास कान लावल्यास अळीचे कुरतडणेही ऐकू येते. गेंड्या भुंगा कोवळ्या शेंड्यात शिरतो. पुढे उलगडलेले चुडत त्रिकोणी कातरल्यासारखे दिसते. त्याची अळी वाढते ती आपल्याच गायरीत! गायरी वर्षानुवर्षे न उपसणाऱ्यांनी पक्ष्यावर रागवावे, हे नवलच.

सुतार बागेतील सारी कीड निपटील, असे मात्र कोणी समजू नये. भुंग्यास तारेचा आकडा व गायरीची सफाई हेच उपाय. कुजका माड उभा ठेवा, असेही आमचे सांगणे नाही. तो भुंग्यांचे माहेरघर, तोडून जाळलाच पाहिजे. ढोलीत पिल्ले असल्यास ती उडेपर्यंत तेवढे थांबावे. परंतु गडग्यावरील पांगाऱ्याची किंवा आंब्याची सुकी फांदी सरपणासाठी उतरविण्याची घाई कशाला? सुताराने सोडलेल्या ढोलीत पुढे साळुंकी, पोपट, पिंगळा संसार थाटतात. आणि पिंगळा रात्री किडे व लहान उंदीर टिपतो, हे शेतकऱ्याच्या हिताचेच नव्हे काय? धनेशास तर ढोली कोरताच येत नाही. जुना थोरला वृक्ष गेला, की त्याचे घर गेले.

गलोलीविषयी इतकेच, की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये सुतारास मारणे हा गुन्हा आहे. ज्यांस अद्याप शंका असेल, त्यांनी येत्या फाल्गुनात आपल्या बागेतील प्रत्येक भोक्या माडाची पाहणी करावी, भोकातून चीक येतो की पक्षी, हे लिहून ठेवावे, व ती यादी या मासिकाकडे धाडावी.