प्रश्न रचणाऱ्याचा, उत्तर नेमबाजाचे

१/१०
ऑलिंपिकमधील पिस्तूल नेमबाज एका जागी उभा राहून ठरलेल्या अंतरावर नेम धरतो. ‘प्रॅक्टिकल शूटिंग’मध्ये नेमबाज धावतो, आडोशामागून डोकावतो, पळता पळता मॅगझिन बदलतो. या खेळाचा इतिहास विजेत्यांच्या नावांनी सांगितला जातो. तो स्टेज रचणाऱ्यांच्या बाजूने वाचणे अधिक उद्बोधक ठरते.

२/१०
१९५० च्या दशकाचा उत्तरार्ध. कॅलिफोर्नियातील बिग बेअर लेक येथे माजी मरीन अधिकारी जेफ कूपर यांनी ‘लेदर स्लॅप’ ही स्पर्धा सुरू केली. समोर २१ फुटांवर फुगे. चामडी होल्स्टरमधून पिस्तूल उपसून आपले फुगे जो आधी फोडेल, तो विजयी.

३/१०
पिस्तूल कसे धरावे, यावर बंधन नव्हते. बहुतेक स्पर्धक कमरेजवळूनच घाईने गोळ्या झाडत. १९५९ च्या सुमारास लॉस एंजेलिस काउंटीचे डेप्युटी शेरीफ जॅक वीव्हर यांनी पिस्तूल दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर आणले. क्षणभर उशीर होई, पण गोळी वाया जात नसे. ते जिंकू लागले.

४/१०
हा पवित्रा आज वीव्हर यांच्याच नावाने ओळखला जातो. तो कोणत्याही प्रशिक्षण-पुस्तिकेतून आलेला नव्हता. स्पर्धेने प्रश्न विचारला आणि उत्तर मोकळे सोडले, म्हणून तो जन्मला.

५/१०
१९७६ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया, मिसुरी येथील परिषदेत ‘आयपीएससी’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. कूपर तिचे पहिले अध्यक्ष. ब्रीद तीन लॅटिन शब्दांचे. अर्थ : अचूकता, शक्ती, वेग.

६/१०
तिन्ही गुण एका भागाकारात बसतात : मिळालेले गुण भागिले सेकंद. मधल्या भागाला ५ गुण. त्याबाहेरच्या भागाला हलक्या काडतुसाने ३, जोरकस काडतुसाने ४. हलके काडतूस वापरणाऱ्याने ३२ गोळ्यांत १६० गुण २० सेकंदांत मिळवले, तर भागाकार ८. दोन गोळ्या किंचित चुकून १५६ गुण, पण वेळ १९ सेकंद, तर ८.२१. म्हणजे येथे वाचवलेला एक सेकंद सुमारे आठ गुणांच्या तोलाचा.

७/१०
म्हणूनच कामगिरी केवळ बोट वेगाने चालवून सुधारत नाही. नेमबाज आधी स्टेज चालून पाहतो : कोणते लक्ष्य कोठून दिसेल, मॅगझिन कोणत्या पावलांदरम्यान बदलावे. रचनाकार भिंती, लक्ष्ये आणि सुरक्षित कोन ठरवतो. एका जागेवरून नऊहून अधिक वेधांची सक्ती त्याला करता येत नाही. क्रम आणि वाट मात्र नेमबाजाची.

८/१०
या मोकळिकीची किंमतही मोजावी लागली. १९९० मध्ये ॲडलेड येथील जागतिक स्पर्धा डग कोनिग यांनी लाल ठिपक्याची दुर्बिण बसवलेल्या पिस्तुलाने जिंकली. कमरेला रोज बाळगायचे शस्त्र आणि स्पर्धेचे शस्त्र यांत अंतर पडत गेले. नाराज मंडळींनी १९९६ मध्ये ‘आयडीपीए’ ही वेगळी संघटना काढली. तिथे पिस्तूल कपड्याखाली झाकलेले असावे, आडोसा वापरावा, असे दंडक आले.

९/१०
तक्रार रास्त होती. उपाय मात्र अर्धाच रास्त होता. शस्त्रांवर मर्यादा घालणे न्याय्य आहे. आयपीएससीनेही शस्त्रांनुसार वेगवेगळे गट केलेच. पण नेमबाजाने कसे वागावे हे नियमाने ठरवले, की त्या दिवशीची समजूतच कायम होते. ‘गोळी कमरेजवळूनच झाडावी’ असा दंडक बिग बेअरला असता, तर वीव्हर बाद ठरले असते.

१०/१०
आजच्या रचनाकारापुढे हीच कसोटी आहे. एकच वाट उघडपणे सर्वोत्तम असेल, तर ती स्टेज पायांची आणि पाठांतराची परीक्षा घेते. तुल्यबळ असे दोन नेमबाज जिथे विचारपूर्वक दोन वाटा निवडतात, तीच स्टेज चांगली. पुढचा वीव्हर घडायचा असेल, तर अशाच स्टेजवर घडेल.