शाईचे बोट आणि त्यामागचा चेहरा

निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक छायाचित्र हटकून असते. १९ एप्रिल २०२४ रोजी चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या दोन्ही मतदारसंघांत लोकसभेचे मतदान झाले, तेव्हाही आम्ही सकाळी अंक उघडून त्याची वाट पाहिली. छायाचित्रात एक म्हातारी असते, बहुधा आदिवासी. गळ्यात मण्यांच्या माळा, चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे, आणि डाव्या हाताची तर्जनी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणलेली. बोटावरची शाई स्पष्ट दिसते. चेहरा मात्र किंचित धूसर असतो, कारण भिंगाचा रोख बोटावर आहे. खाली ओळ असते ती लोकशाहीच्या उत्सवाची, दुर्गम भागाची, उत्स्फूर्त प्रतिसादाची. त्या ओळीत बाईचे नाव नसते.

माजरीसारख्या खाणीच्या गावात वाढलेल्या आम्हांला हे छायाचित्र दरवेळी अस्वस्थ करते. का करते, याचा विचार करू लागलो की आमची वाट दरवेळी अमेरिकेतून जाते. लोकशाही ही डोळ्यांनी पाहण्याची, छायाचित्रात साजरी करण्याची गोष्ट आहे ही कल्पना जितक्या हट्टाने त्या देशाने जोपासली, तितकी क्वचितच दुसऱ्या कुणी जोपासली असेल.

आरंभ वॉल्ट व्हिटमनपासून करावा लागतो. १८५५ साली ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ची पहिली आवृत्ती निघाली, तिच्या मुखपृष्ठावर किंवा शीर्षकपानावर कवीचे नाव नव्हते. त्या जागी समोर एक चित्र होते: गेब्रिअल हॅरिसन याने काढलेल्या छायाचित्रावरून कोरलेले. सदऱ्याचा गळा उघडा, डोक्यावर हॅट, एक हात कमरेवर. हा कुणी प्रतिष्ठित ग्रंथकार नव्हे, रस्त्यावरचा कुणीही माणूस असावा असा पवित्रा. नाव पुढे थेट कवितेच्या पोटात येते. विद्यार्थ्यांना मुक्तछंद शिकवताना आपण ओळींच्या लांबीविषयी बोलतो, यादी करण्याच्या पद्धतीविषयी बोलतो. या चित्राकडे फारसे लक्ष देत नाही. वास्तविक त्या कवितेची सारी राजकीय प्रतिज्ञा या चित्रात आहे. कुणीही चालेल, प्रत्येकाचा चेहरा सारख्याच मोलाचा. अनामिकतेतून समता साधण्याची ही युक्ती होती. मात्र एक गोष्ट विसरू नये. ही अनामिकता कवीने स्वतः निवडलेली होती, आणि ती संपवायची कधी हेही त्यानेच ठरवले होते.

सूझन सोंटॅग यांनी ‘ऑन फोटोग्राफी’ (१९७७) या पुस्तकात अमेरिकी छायाचित्रणाची कथा व्हिटमनपासूनच सुरू केली आहे, आणि वॉकर एव्हान्स, एडवर्ड स्टायकन अशा टप्प्यांनी ती डायेन आर्बसपर्यंत आणून व्हिटमनच्या आश्वासनाचे काय झाले हे दाखवले आहे. ते विवेचन आमच्या पिढीने डोक्यावर घेतले. आजही त्याची धार कमी झालेली नाही. परंतु सोंटॅग यांचा प्रश्न छायाचित्रकाराच्या नजरेविषयी आहे. ज्याचे छायाचित्र काढले त्याच्या नावाविषयी त्या फारसे विचारत नाहीत. आम्हांला नेमके तेच विचारायचे आहे.

मंदीच्या काळात अमेरिकी सरकारने छायाचित्रकार पगारावर ठेवले. १९३५ पासून पुढे सुमारे नऊ वर्षे चाललेल्या या उपक्रमाच्या दीड लाखाहून अधिक निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कुणालाही पाहता येतात. सरकारनेच आपल्या दारिद्र्याचे दप्तर करून ते नागरिकांसमोर ठेवावे, ही गोष्ट लहान नव्हे. (प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना भोके पाडत असत, लोकशाहीच्या दप्तरालाही अशी भोके असतात.) याच उपक्रमात मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे डोरोथिया लँग यांनी एका मजूर बाईचे छायाचित्र घेतले. तीच ‘मायग्रंट मदर’. हात हनुवटीला, नजर दूर, दोन मुलांनी तोंडे फिरवलेली. ती अमेरिकेची आई झाली. १९९८ साली टपाल तिकिटावरही आली, देश मंदीतून तरला याची खूण म्हणून.

लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. ते जगाला कळले १९७८ साली: फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. आपल्या चित्राने आपल्याला काही दिले नाही, नावसुद्धा विचारले नाही, ही तिची तक्रार होती. आणि नावाबरोबर आणखी एक गोष्ट उघड झाली. ती चेरोकी होती. जिला चाळीसहून अधिक वर्षे गोऱ्या, कष्टाळू, सोशिक अमेरिकेचे प्रतीक मानले गेले, ती त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी निघाली. नाव विचारले असते तर चित्राचा अर्थ बदलला असता. कदाचित ते इतके लोकप्रियही झाले नसते. प्रतीक व्हायचे तर नाव आड येते.

याउलट लुईस हाईन. शाळामास्तर असलेल्या या माणसाने १९०८ पासून बालमजुरीविरोधी समितीसाठी काम केले. १९११ साली पेनसिल्व्हेनियातील पिट्स्टनच्या खाणीवर, कोळशातून दगड वेचणाऱ्या पोरांची त्याने काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. हाईन वहीत टिपणे ठेवी: मुलाचे नाव, वय, काम, आणि स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून अंदाजलेली उंची. त्याला प्रतीक नको होते. त्याला पुरावा हवा होता, आणि पुराव्याला नाव लागते. माजरीच्या माणसाला त्या पोरांचे काळवंडलेले चेहरे परके वाटत नाहीत. तसेच वॉकर एव्हान्सने १९३५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील स्कॉट्स रन येथे काढलेले खाण कामगाराच्या घराचे छायाचित्र. झुलती खुर्ची, झाडू, आणि भिंत झाकण्यासाठी चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या जाहिराती, त्यांत एक हसरा सांताक्लॉज. आमच्याकडच्या क्वार्टरांत सांताच्या जागी किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरची लक्ष्मी असे, एवढाच फरक.

मग युद्धानंतर मोठा उत्सव आला. स्टायकन यांचे ‘फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन जानेवारी १९५५ मध्ये न्यूयॉर्कला उघडले: ६८ देश, ५०३ छायाचित्रे. अमेरिकी सरकारच्या माहिती खात्याने ते जगभर फिरवले आणि १९५६ मध्ये ते मुंबईलाही आले. जन्म, प्रेम, श्रम, मृत्यू, सारी माणसे एक. चित्राखाली देशाचे नाव आणि छायाचित्रकाराचे नाव. चित्रातला माणूस मात्र ‘माणूस’. रोलाँ बार्त यांनी त्यावर टीका केली ती, सर्वांचे जन्म-मृत्यू सारखे म्हणताना कोण कशाने मरतो हा इतिहास पुसला जातो, या मुद्द्यावर. खाणीत दबून मेलेला आणि म्हातारपणी खाटेवर मेलेला यांचे मरण एका भिंतीवर शेजारी टांगता येते. पण त्या भिंतीने दोघांनाही न्याय दिला असे होत नाही. ते प्रदर्शन अद्याप फिरत असतानाच रॉबर्ट फ्रँक हा स्वित्झर्लंडहून आलेला छायाचित्रकार मोटारीने अमेरिका पालथी घालत होता. त्याच्या ‘द अमेरिकन्स’मधले पहिलेच चित्र होबोकनच्या मिरवणुकीचे आहे. खिडकीत दोन बाया उभ्या आहेत, आणि त्यांतल्या एकीच्या तोंडावर राष्ट्रध्वज आलेला आहे. चेहरा दिसतच नाही. देशद्रोही म्हणून त्या पुस्तकावर बरेच तोंडसुख घेतले गेले. आमच्या म्हातारीचे धूसर तोंड आणि पुढे आलेले बोट पाहताना आम्हांला हटकून तो ध्वज आठवतो. फ्रँकने जे टीका म्हणून दाखवले, ते आपण सण म्हणून छापतो.

आपल्याकडचा वारसा तर अधिकच अवघड आहे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले. जातीजमातींचे नमुने, प्रत्येकाचे एकेक छायाचित्र, खाली स्वभावाचा शेरा. माणूस तेथे नमुना आहे. स्वातंत्र्याने ही नजर मोडायची होती, आणि ती मोडण्याचा आरंभ कॅमेऱ्याने नव्हे, मतदारयादीने केला. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी याद्या होत असताना असंख्य बायांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको अशीच नोंद करा असे त्या म्हणाल्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ते मानले नाही. स्वतःचे नाव नसेल तर मत नाही. सुमारे अठ्ठावीस लाख बायांची नावे अशाने गळाली. हा कठोरपणाच होता, आणि गळालेल्या बायांवर अन्यायही झाला. तरी आम्हांला तो निर्णय आपल्या प्रजासत्ताकातल्या थोर निर्णयांपैकी एक वाटतो. राष्ट्राची आई होऊन चालणार नाही, राजूची आई होऊनही चालणार नाही; आधी नाव सांगा.

शाईची गोष्ट याच्या उलट आहे. शाई लावतात ती दुसऱ्यांदा मत देऊ नये म्हणून. ती संशयाची खूण आहे. तिचाच आपण कुंकवासारखा सन्मान केला. नावाच्या खुणेचा मात्र असा सन्मान कधी झाला नाही.

१९९३ साली शेषन यांच्या आयोगाने छायाचित्र असलेल्या मतदार ओळखपत्रांचा आदेश काढला, तेव्हा झालेली थट्टा आम्हांला आठवते. माजरीत आंध्रातून, ओडिशातून, छत्तीसगडातून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे खाणीवर कामाला. रांगेत उभे राहून, पाळी सुटल्यावरचा कोळसा नीट न धुतलेले चेहरे घेऊन त्यांनी ते फोटो काढून घेतले. आले ते भुतासारखे. तेलुगू आडनावांची अशी काही मोडतोड झाली होती की घरात वाचून दाखवताना हशा पिके. पण आज वाटते, व्हिटमनने कवितेत जे मागितले ते अक्षरशः कुठे घडले असेल तर या वेड्यावाकड्या कार्डावर. सर्वांना सारखीच चौकट, सारखाच सपाट प्रकाश. खाणीच्या साहेबाला आणि फावडे मारणाऱ्याला एकच आकार. आणि चेहऱ्याशेजारी, चुकीचे का होईना, नाव.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. ॲलन सेकुला यांनी १९८६ च्या ‘द बॉडी अँड द आर्काइव्ह’ या निबंधात दाखवून दिले की ओळखीसाठी काढलेले छायाचित्र आणि पोलिसांच्या दप्तरातले गुन्हेगाराचे छायाचित्र ही सख्खी भावंडे आहेत. गडचिरोलीच्या जंगलात कार्ड मागितले जाणे ही दरवेळी सन्मानाचीच गोष्ट असते असे कोण म्हणेल? तेथे ओळख पटवण्याचे ओझे नेहमी एकाच बाजूवर असते. तेव्हा कार्डाची आरती ओवाळावी असे आमचे म्हणणे नाही. एवढेच म्हणणे आहे की ज्या छायाचित्रात आपण लोकशाही पाहतो त्यात नागरिक नाही, आणि ज्यात नागरिक आहे त्याकडे आपण चित्र म्हणून पाहतच नाही.

लोकांनी स्वतः निवडलेले चित्र वेगळेच आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब चांद्याला आले आणि येथे धम्मदीक्षा झाली. त्यानंतर या पट्ट्यातल्या घराघरांत, खाणीच्या क्वार्टरांतही, निळ्या कोटातले बाबासाहेब आले. ते कुठल्या माहिती खात्याने फिरवले नव्हते. बाजारातून विकत आणून, चौकट करून, उंच जागी लावले गेले. राष्ट्र आणि राज्यघटना यांचे आपल्या भिंतीवरचे चित्र कोणते, याचे उत्तर तेथे शोधावे; पानभर बोटांच्या छायाचित्रांत नव्हे. कलेच्या इतिहासाची पुस्तके त्या भिंतींकडे अजून पुरेशी वळलेली नाहीत.

राहता राहिली म्हातारी. वार्ताहराला तिचे नाव विचारायला अर्धे मिनिट लागेल. माडिया उच्चार लिहिताना चूक होईल. होऊ द्यावी, कार्डावरही होतेच. नाव छापले तर ती ‘दुर्गम भाग’ राहणार नाही, कुणीतरी एक होईल. मग तिने कुणाला मत दिले, का दिले, गावाला रस्ता आहे की नाही, हे प्रश्नही विचारावे लागतील. कदाचित म्हणूनच विचारत नसावेत.

माजरीच्या बाजारातल्या एका फोटोवाल्याच्या टेबलाच्या खणात न नेलेल्या पासपोर्ट फोटोंचा गठ्ठा आम्ही पाहिला आहे. चार काढायचे, दोन लागायचे, उरलेले तेथेच राहायचे. काही माणसे बदली होऊन गेली, काही मेली. प्रत्येकाच्या पाठीमागे त्याने शिसपेन्सिलीने नाव लिहून ठेवले होते, आणि जिथे ऐकताना खात्री वाटली नव्हती तिथे पुढे लहानसे प्रश्नचिन्ह.