तीरकामठा, रानडुक्कर आणि कायदा

उत्तर अमेरिकेत काळ्या अस्वलाची शिकार धनुष्यबाणाने करणारा एक मोठा हौशी वर्ग आहे. तेथील एखादा कारकून किंवा यंत्रचालक आयुष्यात प्रथमच अस्वलावर बाण सोडावयाचे ठरवितो, तेव्हा त्याला राज्य सरकारचा परवाना घ्यावा लागतो, बहुतेक राज्यांत शिकारीच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो आणि नेमून दिलेला हंगाम पाळावा लागतो. त्याने विकत घेतलेल्या धनुष्यावर अकरा टक्के केंद्रीय उत्पादनशुल्क असते आणि त्या शुल्काची रक्कम राज्यांच्या वन्यजीव खात्यांना वाटून दिली जाते. १९३७ च्या एका कायद्याने ही पद्धत बंदुका व काडतुसे यांच्यापुरती सुरू झाली. १९७२ मध्ये धनुष्यबाण तिच्या कक्षेत आणले गेले. मारलेल्या अस्वलाचे मांस हा शिकारी घरी नेतो व खातो. ते बाजारात विकण्यास मात्र त्याला मनाई असते.

१९७२ हे साल आपल्याही दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी आपल्या संसदेने वन्यजीव संरक्षण कायदा मंजूर केला. आरंभी या कायद्यात शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली आणि काही मोजके अपवाद सोडता शिकार सर्वस्वी निषिद्ध ठरली. या परवान्यांचा लाभ ज्यांनी घेतला ते संस्थानिक, अधिकारी व धनिक होते. कातकऱ्याने परवान्याच्या कचेरीची पायरी किती वेळा चढली असेल, हा प्रश्नच आहे. तात्पर्य, एका देशात जे हत्यार वनसंरक्षणाच्या खर्चाचा एक आधार बनले, तेच दुसऱ्या देशात, ते ज्याच्या पोटापाण्याचे साधन होते त्याच्या हातात, पंचनाम्यातील मुद्देमाल बनले.

कर्जत आणि खालापूर या रायगडच्या अंतर्भागातील दोन तालुक्यांत हा प्रश्न अस्वलाचा नाही, रानडुकराचा आहे. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची मुख्य रांग व तिच्या माथ्यावर भीमाशंकरचे अभयारण्य, मध्ये उल्हास व पाताळगंगा यांची खोरी, अशी ही भूमी आहे. खाचरात भात, वरकस जमिनीत नाचणी-वरी, आणि भात कापल्यावर जमिनीच्या ओलाव्यावर कडवे वाल, ही येथील पिकांची जुनी घडी होय. राजनाल्याच्या पाण्याखालील गावांत उन्हाळी भातही होते. भाद्रपद-आश्विनात लोंबीत दूध भरू लागले की डुकरे डोंगरावरून उतरतात. ती खातात थोडे आणि तुडवितात फार. एका रात्रीत एक कळप अर्धे खाचर लोळवू शकतो, हे ज्याने सकाळी बांधावर उभे राहून पाहिले आहे त्याला आकडेवारीची आवश्यकता नाही.

तरीही आकडेवारीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तो माझ्या विषयाचा भाग आहे. पीकनुकसानीचा हिशेब सरकार करते तो उभ्या पिकाचा. ज्या वरकस जमिनीत डुकरांच्या भयाने आता नाचणी पेरलीच जात नाही, तिचे नुकसान कागदोपत्री शून्य असते. दोन महिने रात्रीमागून रात्र माळ्यावर बसून डबे वाजविणाऱ्या माणसाच्या श्रमाची किंमतही त्यात धरली जात नाही. भरपाईसाठी अर्ज करावयाचा, पंचनाम्याची वाट पाहावयाची आणि सातबाराचा उतारा जोडावयाचा, ही रीत खातेदाराला कशीबशी साधते. जो दुसऱ्याची जमीन अर्धेलीने करतो, किंवा ज्याची दळी जमीन पिढ्यानपिढ्या कसूनही त्याच्या नावे लागलेली नाही, त्याचे पीक डुकराने खाल्ले काय आणि पुराने नेले काय, सरकारच्या लेखी ते अस्तित्वातच नव्हते.

डुकरे वाढली याचे कारण केवळ कायदा नव्हे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मुंबई-पुण्याच्या पैशाने या दोन तालुक्यांतील जमिनींचे रूप पालटले आहे. भाताची खाचरे विकली गेली. काहींवर शेतघरे उठली, पुष्कळशी तारेच्या कुंपणात नुसतीच पडून राहिली. किंमत वाढण्याची वाट पाहणारी ही जमीन गवताने व झुडपांनी भरते आणि डुकराला दिवसा लपावयास यापेक्षा सोयीचे स्थान कोणते? ज्याने जमीन विकली नाही, त्याला शेजाऱ्याच्या सट्ट्याचा भुर्दंड आपल्या पिकातून द्यावा लागतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात यास बाह्य परिणाम असे म्हणतात. आमच्याकडचे शेतकरी यासाठी जो शब्द वापरतात तो येथे छापण्याजोगा नाही.

आता कातकऱ्याकडे वळू. खैराच्या झाडापासून कात काढणारा तो कातकरी. जंगलतोडीच्या ठेक्यांच्या काळात तो कोळसा पाडत असे; तो धंदा बसल्यावर त्याला वीटभट्टीवाचून दुसरा आसरा उरला नाही. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती केंद्र सरकारने विशेष बिकट अवस्थेतील म्हणून गणल्या आहेत, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्यासोबत कातकरी आहेत. या जमातीचे शिकारीतील कौशल्य सर्वश्रुत आहे. तीरकामठा, गलोल, फासकी आणि कुत्री एवढ्या सामग्रीवर त्याने आपल्या ताटातील प्रथिनांची गरज भागविली, आणि शेतातील उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्यही वाचविले. वाडीतला पोरगा प्रथम कामठा ओढतो तो सरड्यावर नि पाखरांवर. थोरल्यांबरोबर डुकराच्या वाटेवर पहिल्यांदा बसण्याचा मान त्याला पुढे केव्हातरी मिळे. वाऱ्याची दिशा कशी ओळखावी, कळपातील कोणत्या जनावरावर हात टाकू नये, जखमी डुकराच्या मागावर किती वेळाने निघावे, हे सारे तो त्या रात्री शिके. अमेरिकेतील नवशिक्या शिकाऱ्याला यातील बहुतेक पाठ वर्गात बसून घ्यावे लागतात आणि वर्गाच्या शेवटी त्याला प्रमाणपत्र मिळते. आमच्या पोराने तेच ज्ञान दाखविले तर आजच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात.

धनुर्विद्येचे मोल आपल्या राज्यकर्त्यांना अजिबात ठाऊक नाही, असेही नाही. १९८० च्या दशकात क्रीडा प्राधिकरणाची माणसे आदिवासी मुलखात तिरंदाज शोधीत हिंडली आणि राजस्थानातील लिंबाराम हा आदिवासी तरुण त्यातून ऑलिंपिकपर्यंत गेला. त्याला पुढे पद्मश्रीही मिळाली. नेम ठिपक्यावर असला की पदक, रानावर असला की खटला.

वन हक्क कायदा २००६ साली आला तेव्हा पुष्कळ आशा निर्माण झाल्या होत्या. परंतु त्याच्या तिसऱ्या कलमात पारंपरिक हक्कांना मान्यता देताना शिकारीचा व सापळे लावण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. संसदेने हे जाणीवपूर्वक केले आणि त्यामागे कारण नव्हते असे मी म्हणणार नाही. लावलेल्या फासात डुक्करच सापडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. त्यात बिबट्याही सापडतो. कुंपणाच्या तारेत वीज सोडण्याचा आणि पिठाच्या गोळ्यात दारू भरून ठेवण्याचा जो अघोरी मार्ग काही ठिकाणी चालतो, त्याने गुरे मरतात, माणसेही मरतात. रानडुक्कर हे बिबट्याचे भक्ष्य आहे. ते संपले तर बिबट्या वाडीतील शेळ्यांकडे व कुत्र्यांकडे वळेल. वन्यजीवप्रेमींचे हे आक्षेप भावनिक म्हणून झटकून टाकता येत नाहीत. त्यांचे मला पटत नाही ते एवढेच की, त्यांतून ते सरसकट बंदीचा निष्कर्ष काढतात.

कारण बंदी सरसकट नाहीच. कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे उभ्या पिकाला घातक झालेले रानडुक्कर मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी आजही देऊ शकतो. बासष्टाव्या कलमाखाली केंद्र सरकार एखाद्या प्रदेशापुरते काही प्राण्यांना उपद्रवी ठरवू शकते. २०१५-१६ मध्ये बिहारात नीलगाय व रानडुक्कर आणि उत्तराखंडात रानडुक्कर यांच्याबाबत तसे केले गेले. केरळने २०२२ मध्ये डुकरे मारण्याच्या परवानगीचे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे सोपविले. तेव्हा मारावे की मारू नये हा प्रश्न राज्यसंस्थेने केव्हाच निकालात काढला आहे. शिल्लक आहे तो प्रश्न कोणी मारावे आणि मारलेल्याचे काय करावे, हा. आणि येथेच आपली व्यवस्था विलक्षण वागते. २०१६ च्या जूनमध्ये बिहारातील मोकामा भागात नीलगायी मारण्यासाठी हैदराबादेहून बंदूकधारी शिकारी आणले गेले आणि दोनशेहून अधिक जनावरे टिपली गेली. त्यावरून केंद्रातील दोन मंत्र्यांत जाहीर वादही झडला. म्हणजे शहरातील बंदूकवाल्याला निमंत्रण मिळू शकते. रानाच्या कडेला राहणाऱ्या कामठेवाल्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही.

बंदुकीपेक्षा कामठा बरा, असे मी म्हणतो ते जुन्या काळाच्या प्रेमामुळे नव्हे. अमेरिकेतील अनेक राज्यांत धनुष्याचा हंगाम बंदुकीच्या हंगामापेक्षा लांब असतो, कारण धनुष्याने शिकार साधण्याचे प्रमाण कमी असते. बाणाला जनावराच्या अगदी जवळ जावे लागते. त्यामुळे किती मारले जाईल यावर हत्यारच मर्यादा घालते. मासेमारीत जाळ्याच्या आसाचा आकार ठरवून देतात, त्यामागील तत्त्व हेच. शिवाय कामठ्याने जनावर पाहूनच मारावे लागते. फासाचे आणि विजेच्या तारेचे आंधळेपण त्यात नाही. जखमी होऊन निसटणाऱ्या जनावराचा प्रश्न राहतो आणि तो खरा आहे; म्हणूनच हे काम अनुभवी माणसांकडे, तेही माग काढणाऱ्या कुत्र्यांसह, असावे.

माझी सूचना मर्यादित आहे. अभयारण्याची हद्द सोडून, ज्या गावांत नुकसानीचे पंचनामे वारंवार झाले आहेत, तेथे अकराव्या कलमाखालील परवानगी व्यक्तीला न देता ग्रामसभेने निवडलेल्या कातकरी-ठाकरांच्या पथकाला द्यावी. ती भाद्रपदापासून कापणीपर्यंतच असावी; किती जनावरे हा आकडा वनखात्याने आधी गणती करून ठरवावा; फास, वीज व दारू यांना पूर्ण बंदी असावी, आणि त्यांचा वापर करणाऱ्याला धरून देण्याची जबाबदारी त्याच पथकावर टाकावी. पथकाला राखणीची रोजंदारी द्यावी. ती आज भरपाईवर होणाऱ्या खर्चातूनच निघू शकेल, कारण वाचलेल्या पिकाची भरपाई द्यावी लागत नाही.

मांसाबाबत कायद्यात दुरुस्ती लागेल. एकोणचाळिसाव्या कलमाप्रमाणे परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता ठरते. म्हणून ते पुरावे किंवा जाळावे लागते. ज्या वाडीवरील मुलांचे वजन अंगणवाडीच्या तक्त्यात लाल रेघेखाली आहे, त्या वाडीच्या डोळ्यांदेखत चांगले मांस खड्ड्यात घालावयाचे, हा अपव्यय कोणत्या तत्त्वात बसतो? खाण्यास मुभा द्यावी, विकण्यास कदापि देऊ नये. विक्रीची फट ठेवली तर कर्जतच्या शेतघरांतून आठवड्याच्या अखेरीस जी मागणी येईल, तिच्यापुढे ग्रामसभा, पथक आणि वनरक्षक यांपैकी कोणीही टिकणार नाही. अमेरिकेने बाजारी शिकारीचे परिणाम भोगून हा धडा घेतला. आपण तो फुकट घेऊ शकतो. तेथेही सारे आलबेल आहे असे नाही. न्यू जर्सीत अस्वलाची शिकार बंद झाली आणि २०२२ च्या डिसेंबरात वादातच पुन्हा सुरू झाली. पण तेथे वाद होतो तो उघडपणे, आणि शिकारी त्यात पक्षकार असतो.

हंगामाची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भात पोसते ते दिवस कातकऱ्याच्या घरात धान्य संपल्याचे असतात. पावसाळ्यातील या उपाशी महिन्यांसाठीच पूर्वी सावकाराची खावटी असे आणि ती मोडण्यासाठी माथेरानच्या भाई कोतवालांनी याच भागात धान्यकोठ्या काढल्या. आज खावटीची जागा वीटभट्टीच्या उचलीने घेतली आहे. गणपतीच्या सुमारास मुकादम वाडीवर येतो, हातावर काही हजार ठेवतो आणि दिवाळीनंतरचे सहा-सात महिने एका कुटुंबाचे श्रम त्याच्या वहीत जमा होतात. पोरेही आईबापांबरोबर भट्टीवर जातात व शाळा सुटते. वेठबिगारीस १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. उचलीचा व्यवहार तिच्या किती जवळ जातो, हे त्या वहीत डोकावल्यास कळेल. नेमके याच दोन महिन्यांत शेतकऱ्याला राखणदार हवा असतो आणि कातकऱ्याला रोजगार. राखणीची दोन महिन्यांची मजुरी हाती आली तर उचलीची रक्कम निदान अर्ध्यावर येईल, आणि लहान उचल लवकर फिटते.

माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी खालापूर तालुक्यातील एका वाडीवरचा मुलगा होता. मागणी-पुरवठ्याचे उदाहरण द्या म्हटल्यावर त्याने उचलीचेच दिले होते: पाऊस लांबला की मुकादमाचा दर पडतो. दुसऱ्या सत्रापासून तो दिसला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की त्या वर्षी घरच्यांनी घेतलेली उचल मोठी होती आणि भट्टीवर एक जोडी हात कमी पडत होते.