पोरगं अठराचं झालं की आयकरात ते 'डिपेंडंट' राहत नाही



नवीन दुकान टाकणाऱ्या मुलांच्या बॅचमध्ये एक प्रश्न दर वेळी येतोच. "सर, मी अजून कॉलेजला आहे, खर्च घरूनच येतो, मग माझी कमाई बाबांच्याच रिटर्नमध्ये दाखवायची ना?" त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, आणि तो बहुतेक वेळा सोबत आलेल्या वडिलांचा असतो. "दुकान पोराच्या नावावर काढलं तर माझा टॅक्स वाचंल का?"

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समज आहे. पोरगं घरचं जेवते तोपर्यंत सरकारच्या वहीतही ते बापाच्याच पानावर आहे, असं आपण धरून चालतो. तसं नाही. आणि माझं मत आजच सांगून टाकतो: कमावणाऱ्या प्रत्येक अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्यानं स्वतःचं रिटर्न भरावं, कर शून्य असला तरी भरावं. आणि कोणत्याही बापानं पोराच्या पॅनकार्डाचा दुसरा खिसा करू नये.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाला आई-बाप आपल्या रिटर्नमध्ये 'डिपेंडंट' म्हणून दाखवू शकतात. तिथे साधारण एकोणीस वर्षांच्या आतला, आणि पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर चोवीसच्या आतला मुलगा त्यात बसतो, बाकीच्या अटी पाळल्या तर. युट्यूबवर बाहेरचे व्हिडिओ बघून आपली मुलं तेच इथे लावतात. आपल्या आयकरात असा दर्जाच नाही. आपल्याकडे रेघ एकच, अठरा वर्षांची.

अठराच्या आत मुलाच्या नावावर एफडीचं व्याज आलं, घरभाडं आलं, तर ते आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. यालाच क्लबिंग म्हणतात. जुन्या १९६१ च्या कायद्यात हे कलम ६४ मध्ये होतं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, पण हे तत्त्व तसंच राहिलं. जुन्या करपद्धतीत दर मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट मिळते, नवीन पद्धतीत तीही नाही.

यात एक खुबी आहे. मुलानं स्वतःच्या अंगमेहनतीनं किंवा स्वतःच्या कलेनं, कौशल्यानं कमावलं असेल तर ते क्लब होत नाही, वय काहीही असो. सोळा वर्षांची मुलगी मेहंदी काढून पैसे कमावते, ते तिचंच उत्पन्न. पण त्याच पैशाची एफडी केली तर एफडीचं व्याज मात्र अठरा पूर्ण होईपर्यंत आई किंवा वडिलांकडेच जाईल. आणि वाढदिवस वर्षाच्या मध्ये आला तर त्या दिवसापर्यंतचं इकडे, त्यानंतरचं तिकडे. मार्च संपायची वाट बघायची नसते.

अठराव्या वाढदिवसानंतर कॉलेजची फी बाप भरतो का, मेसचे पैसे घरून येतात का, हे आयकर विचारतच नाही. कमाई तुमची, पॅन तुमचं, जबाबदारी तुमची. 'डिपेंडंट' हा शब्द कायद्यात येतो तो फार तर वडिलांच्या वजावटीसाठी, जसं की अवलंबून असलेल्या मुलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता, आणि तीही वजावट जुन्याच पद्धतीत.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे.

वाशिम असो, रिसोड असो की कारंजा, बाजारात असं चित्र सर्रास दिसतं. दुकान एकच, गल्ला एकच, पण काउंटरवर दोन क्यूआर कोड. एक वडिलांचा, एक पुण्याला शिकणाऱ्या पोराचा. वडिलांच्या नावावरची विक्री वाढली की उरलेली पोराच्या फर्मवर. कारण? मालाच्या व्यापाराला जीएसटीची मर्यादा ४० लाख, ती ओलांडू नये म्हणून. आणि आयकरात दोघांनाही ४ लाखांची करमुक्त पायरी मिळते म्हणून. पोराला यातलं काही माहीत नसतं. त्याच्या नावावरचं सिमकार्ड घरीच, ओटीपी घरीच.

मुलाला धंदा देणं चुकीचं नाही, उलट मी तर म्हणतो लवकर द्या. वडिलांनी सज्ञान मुलाला भांडवल दिलं तर त्या भेटीवर कर नाही, आणि त्यातून झालेला नफा वडिलांच्या उत्पन्नात क्लबही होत नाही. (बायको किंवा सून यांना दिलं तर मात्र होतं, हे लक्षात ठेवा. मुलगा आणि सून यांच्यात कायद्यानं केलेला हा फरक घरात समजावून सांगणं अवघड जातं, पण तो आहे.) म्हणजे सरळ रस्ता खुला आहे. फक्त दिलं तर खरंच द्या. माल कोणाकडून घ्यायचा, उधारी कोणाला द्यायची, पैसा कुठे खर्च करायचा हे मुलगा ठरवत असेल तर ते मुलाचं दुकान. सगळं तुम्ही ठरवता आणि त्याची फक्त सही, तर कागद काहीही म्हणो, ते तुमचंच दुकान आहे, आणि खात्यानं तपासलं तर तसंच धरलं जाऊ शकतं.

आणि तपासणी आली की नोटीस ज्याच्या पॅनवर धंदा त्याच्या नावानं येते. बापानं वाचवलेल्या चार पैशांचा हिशेब बावीस वर्षांच्या मुलाला द्यावा लागतो, जेव्हा तो नोकरीच्या किंवा कर्जाच्या रांगेत उभा असतो. पीएमईजीपीचंच घ्या. ही योजना नवीन उद्योगासाठी आहे, आधीपासून चालू असलेल्या युनिटसाठी नाही. त्या योजनेत कुटुंब म्हणजे फक्त स्वतः आणि जोडीदार, म्हणजे वडिलांनी आधी लाभ घेतला असला तरी मुलाचा रस्ता अडत नाही. इतकी चांगली तरतूद असताना मुलाच्या नावावर आधीच एक कागदी फर्म पडलेली असेल, तर बँकेला आधी तिची गोष्ट सांगत बसावं लागतं.

भांडवल देताना एक काळजी घ्या. सोयाबीन, तूर विकून घरात रोख पैसा येतो आणि तो तसाच पोराच्या हातात जातो. एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं बंद आहे, बाप-लेक असले तरी. घेणाऱ्याला, म्हणजे मुलालाच, तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. भेट म्हणून देत असाल तर खात्यातून खात्यात द्या आणि साध्या कागदावर भेटपत्र करून ठेवा.

आता तो विषय, ज्याच्यामुळे आपल्या जिल्ह्यातली मुलं रिटर्न भरायला घाबरतात. "रिटर्न भरलं की घरच्या योजना बंद होतात." हे गावोगावी ऐकायला मिळते. अर्धं खोटं आहे, अर्धं खरं, आणि कोणतं अर्धं कोणतं हे कोणी सांगत नाही. कारण प्रत्येक योजनेनं 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ वेगळा केला आहे.

एक घर धरा. मंगरुळपीर तालुका, वडिलांच्या नावावर चार एकर, आई घरी, मुलगा एकवीस वर्षांचा, बीकॉमला, अविवाहित. त्यानं मोबाइल अॅक्सेसरीजचं छोटं दुकान टाकलं. वर्षाची विक्री २४ लाख, जवळपास सगळी युपीआयवर. अंदाजित पद्धतीत डिजिटल विक्रीवर किमान ६ टक्के नफा दाखवावा लागतो, म्हणजे १ लाख ४४ हजार. पण खरा नफा ३ लाख आहे, म्हणून तो ३ लाखच दाखवतो, आणि तसंच दाखवायला पाहिजे. कर शून्य. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नवीन पद्धतीत पहिल्या ४ लाखांवर करच नाही, आणि रिबेटमुळे १२ लाखांपर्यंत धंद्याच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. उत्पन्न ४ लाखांच्या आत आणि विक्री ६० लाखांच्या आत असल्यामुळे त्याला रिटर्नची सक्तीही नाही, दुसरं काही कारण नसेल तर.

वडिलांची पीएम किसान जाईल का? नाही. तिथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. एकवीस वर्षांचा मुलगा त्यात येत नाही. शिवाय तिथे अट मागच्या वर्षी आयकर भरलेल्यांना वगळण्याची आहे. नुसतं शून्याचं रिटर्न दाखल करणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आईची लाडकी बहीण? इथे उत्तर वेगळं आहे. २०२४ च्या या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं-मुली. वयाची रेघ नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि घरात कोणी आयकरदाता नको. म्हणजे या मुलाचे ३ लाख धरले की मर्यादा ओलांडली. महिन्याचे १,५०० म्हणजे वर्षाचे १८ हजार जातात. खेड्यातल्या बाईसाठी ही रक्कम लहान नाही, आणि ते पैसे तिच्या स्वतःच्या खात्यावर येतात ही गोष्ट त्याहून मोठी आहे. पोराच्या दुकानासाठी आईनं हे सोडावं असं मी सहज म्हणून टाकू शकत नाही.

पण एक समजून घ्या. हा लाभ रिटर्नमुळे जात नाही, उत्पन्नामुळे जातो. रिटर्न लपवलं म्हणून अपात्र असलेलं घर पात्र होत नाही, फक्त उघड व्हायला वेळ लागतो. आणि युपीआयवरचे २४ लाख लपत नाहीत राजा. मला खटकतं ते वेगळंच. लग्न होऊन मुलगा त्याच घरात राहिला तर त्याचं उत्पन्न मोजत नाहीत, आणि अविवाहित मुलाचं मोजतात, मग तो घरी एक रुपया देत असो की नसो. आयकर त्याला अठराव्या वर्षी वेगळा करतो, ही योजना त्याला लग्नापर्यंत आईच्या पदराला बांधते. ज्या पोराला सरकार एका हातानं उद्योजक हो म्हणते, त्याच्या पहिल्या कमाईची किंमत आईनं मोजावी, हे मला पटत नाही. सज्ञान मुलाचं पहिल्या दोन-तीन वर्षांचं धंद्याचं उत्पन्न तरी या हिशेबातून बाहेर ठेवायला हवं.

शिक्षणाच्या दाखल्यांचंही तसंच. ओबीसी नॉन-क्रिमीलेअरला आई-वडिलांचं उत्पन्न बघतात, मुलाची स्वतःची कमाई धरत नाहीत, आणि ८ लाखांच्या त्या मोजणीत पगार आणि शेतीचं उत्पन्नही सोडून देतात. ईडब्ल्यूएसला बरोबर उलटं: तिथे अर्जदाराची स्वतःची कमाई, आई-वडिलांची, शेतीची, पगाराची, सगळी बेरीज. मात्र अठराच्या वरचा भाऊ त्यात नाही. म्हणजे याच मुलाच्या बहिणीनं ईडब्ल्यूएस काढलं तर भावाचं दुकान मोजणार नाहीत, त्यानं स्वतः काढलं तर मोजतील. सेतूवर जाताना "कुटुंबात कोण धरता?" हा प्रश्न आधी विचारा, उत्पन्नाचा आकडा नंतर सांगा.

सक्ती नसताना रिटर्न कशाला, असं विचाराल. कर्जाला गेलात की बँक मागच्या दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. तुमच्याकडे दुकान आहे, ग्राहक आहेत, पण कागदावर तुम्ही अजून कॉलेजचं पोरगं. बापाच्या रिटर्नमध्ये दाखवलेली तुमची कमाई तुमच्या कर्जाला उपयोगी पडत नाही. शिवाय ऑनलाइन माल विकणाऱ्यांचा, कमिशनवर काम करणाऱ्यांचा टीडीएस कापला जातो, तो परत मिळवायला रिटर्न हाच रस्ता आहे. एक सूचना कमिशनवाल्यांना: ही ६ आणि ८ टक्क्यांची अंदाजित पद्धत कमिशन आणि एजन्सीच्या उत्पन्नाला चालत नाही. त्यांनी साधा जमाखर्च ठेवावा.

लहानपणी काढलेलं पॅन असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर त्यात फोटो आणि सही घालून घ्या. पॅन, आधार आणि बँक खात्याला मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा लावा. मग आयकर पोर्टलवर लॉगिन करून एआयएस उघडा, तुमच्या पॅनवर काय काय नोंदलं गेलंय ते तिथे दिसतं. जीएसटी पोर्टलवरही पॅन टाकून बघा, त्यावर कोणते नंबर निघालेत ते लॉगिन न करता दिसतं. तुम्हाला माहीत नसलेली फर्म किंवा ठेव दिसली तर आधी घरी शांतपणे विचारा, आणि मग वडिलांना सोबत घेऊनच सीएकडे जा.