कांदळवन वाढले, पण खेकड्यांचे काय?

सटाणा : राज्यातील कांदळवनाचे क्षेत्र वाढल्याची नोंद भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालात आहे. महाराष्ट्रात आता सुमारे ३१५ चौरस किलोमीटर कांदळवन असून, आधीच्या पाहणीपेक्षा त्यात सुमारे १२ चौरस किलोमीटरची भर पडली. मात्र उपग्रहाला झाडे दिसतात, चिखलातले खेकडे दिसत नाहीत. त्यामुळे झाडे वाढली म्हणजे खेकडेही वाढले, असे गृहीत धरता येत नाही. याचे कारण खेकड्याच्या जीवनचक्रात आहे.

नदीतला आणि खाडीतला खेकडा वेगळा कसा?

बागलाणमध्ये आराम, मोसमच्या काठाला आणि ओढ्या-नाल्यांत मिळणारा खेकडा गोड्या पाण्यातच जन्मतो आणि तिथेच वाढतो. त्याची मादी मोजकी पण मोठी अंडी घालते. पिल्ले खेकड्याच्याच रूपात बाहेर पडतात आणि काही काळ आईच्या पोटाखाली राहतात.

खाडीतल्या खेकड्याचे तसे नाही. मुंबईकडे ‘चिंबोरी’ आणि मालवण, गोव्याकडे ‘कुर्ली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खेकड्याचे आयुष्य खाडी आणि समुद्र अशा दोन ठिकाणी विभागलेले असते.

जीवनचक्राचे टप्पे

• मादीने कात टाकली, की कवच मऊ असतानाच खाडीत मीलन होते.
• अंडी घालण्यासाठी मादी खाडी सोडून खोल, खाऱ्या पाण्याकडे जाते. एका वेळी दहा लाखांहून अधिक अंडी ती पोटाखाली बाळगते.
• अंड्यांतून निघणारे डिंभक सुईच्या टोकाएवढे असतात. ते काही आठवडे समुद्रात तरंगत वाढतात. कमी खाऱ्या पाण्यात ते तगत नाहीत.
• शेवटच्या टप्प्यात ते भरतीबरोबर किनाऱ्याकडे येतात आणि कांदळवनाच्या मुळांत आसरा घेतात. कात टाकत टाकत वाढून मोठे व्हायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागते.

लाखो अंड्यांपैकी फारच थोडी पिल्ले इथवर पोहोचतात. बाकीची माशांच्या पोटात जातात किंवा प्रवाहात भरकटतात.

साखळी कुठे तुटते?

गाभोळीने भरलेल्या मादीला बाजारात चांगला भाव मिळतो. पण हीच मादी समुद्राकडे निघण्याच्या बेतात असते. ती पकडली, की पुढची संपूर्ण पिढी जाते. दुसरा ताण खेकडापालनाचा. सिंधुदुर्गासह किनारी जिल्ह्यांत कांदळवन संवर्धनाला जोड म्हणून हा व्यवसाय पुढे आला. मात्र पालनासाठी लागणारी पिल्ले खाडीतूनच उचलली, तर जंगलावरचा भार कमी होण्याऐवजी वाढतो. तामिळनाडूत राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राने हॅचरीत पिल्ले तयार करून दाखवली आहेत. पण पिल्ले एकमेकांना खातात, त्यामुळे मरतूक मोठी असते आणि बीज स्वस्तात पडत नाही.

झाडांना खेकड्यांची गरज का?

कांदळवनातले लहान खेकडे गळलेली पाने बिळात ओढून नेतात व खातात. बिळांमुळे घट्ट चिखलात हवा आणि पाणी खेळते, त्याचा मुळांना फायदा होतो. म्हणजे खेकड्यांना झाडे हवीत, तसे झाडांनाही खेकडे हवेत.

कायदा काय सांगतो?

राज्यात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनाच्या तोडीवर कडक बंदी घातली. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९च्या अधिसूचनेतही कांदळवनाला सर्वाधिक संरक्षण आहे. पण या तरतुदींचा भर मुख्यतः झाडे व जमिनीवर आहे. अंडी घालायला निघालेल्या मादीची वाट त्यातून सुरक्षित होत नाही.

पुढे काय हवे?

क्षेत्राबरोबरच खेकड्यांचीही नियमित मोजणी, अंडी असलेल्या माद्या व लहान पिल्ले परत सोडण्याची शिस्त आणि हॅचरीतले परवडणारे बीज या तीन गोष्टी एकत्र लागतील. खाडीवर पोट असलेल्या कुटुंबांना त्या काळात पर्यायी उत्पन्न मिळाले, तरच ही शिस्त टिकेल. ग्राहकाच्या हातातही काही आहे. पोटाखाली अंड्यांचा घोस असलेली मादी आणि तळहातापेक्षा लहान खेकडा घेणे टाळले, तर अशा मालाची मागणी कमी होईल.